पहिल्या प्रश्नाचं उत्तर

सातारा,
१८ जानेवारी

चि. मधुरा,


तुझा परवाचा मेसेज वाचला. फोनवर उत्तर देता आलं असतं, पण फोनवर तू "हो मामा, हो मामा" म्हणतेस आणि विषय तिथेच संपतो. म्हणून मुद्दाम लिहायला बसलो आहे. सावकाश वाच. वाचून झालं की आईलाही दे, कारण यातलं थोडं तिच्यासाठीही आहे.

तुला चारचाकीचं लायसन्स काढायचं आहे. ड्रायव्हिंग स्कूलवाला म्हणतो की फॉर्ममधल्या तब्येतीच्या प्रश्नांना सगळेच 'नाही' लिहितात, तुम्हीही लिहा. शेवटची फिट येऊन आठ महिने झाले, गोळ्या वेळच्या वेळी चालू आहेत, मग 'नाही' लिहिलं तर बिघडलं कुठे, असं तू विचारलंस. आणि जाता जाता हेही कळवलंस की महिनाभरापासून स्कूटी पुन्हा चालवते आहेस, "फक्त स्वारगेटच्या मेट्रोपर्यंत".

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. 'नाही' लिहू नकोस. आणि स्कूटीची किल्ली आजच आईच्या हातात दे. तुला हे कडू लागेल, ठाऊक आहे मला. पण माझी सगळी नोकरी मोटार वाहन खात्यात गेली. त्या फॉर्मवरचे प्रश्न कशासाठी विचारलेले असतात, हे मी टेबलामागे बसूनही पाहिलं आहे आणि रस्त्यावर उभं राहूनही.

तो फॉर्म म्हणजे नमुना एक, शारीरिक पात्रतेचं स्वतः करायचं घोषणापत्र. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांपासून तो चालत आला आहे. चाळिशीच्या आतल्या माणसाला खाजगी गाडीच्या लायसन्ससाठी डॉक्टरचा दाखला लागत नाही, हे घोषणापत्र पुरतं. त्यात डोळ्यांबद्दल विचारलं आहे, रंग ओळखण्याबद्दल, रातांधळेपणाबद्दल, हातापायांबद्दल, कानांबद्दल विचारलं आहे. पण या सगळ्याच्या आधी, पहिलाच प्रश्न आहे तो तुझा: अपस्मार, किंवा कोणत्याही कारणाने अचानक शुद्ध हरपण्याचा वा चक्कर येण्याचा त्रास आहे का? खाली सही तुझी असते. तुझ्या मागे उभं राहून कुणी पाहत नाही आणि तुझे ईईजीचे कागदही कुणी मागत नाही. सरकारने तिथे तुझ्या शब्दावर विश्वास ठेवलेला असतो. ड्रायव्हिंग स्कूलवाला तुला हाच विश्वास मोडायला सांगतो आहे, आणि उद्या काही घडलं तर सही त्याची नसेल, तुझी असेल.

तू म्हणशील, दुचाकीचं लायसन्स तर माझ्याकडे आहेच. आहे, खरं आहे. ते तू अठराव्या वर्षी काढलंस, तेव्हा हा आजार नव्हता, म्हणून तेव्हाचं तुझं उत्तरही खरंच होतं. पण पर्समध्ये कार्ड आहे म्हणून गाडी चालवायला तू आज पात्र आहेस असं होत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं १८६ वं कलम वाच. आपल्याला असा आजार आहे की आपण गाडी चालवली तर लोकांना धोका होईल, हे स्वतःला माहीत असूनही जो सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवतो, तो त्या कलमाखाली गुन्हा करतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी १ हजार रुपये आणि पुढच्या वेळी २ हजार रुपयांपर्यंत दंड आहे. रक्कम काही फार नाही. पण कलमातलं वजन 'स्वतःला माहीत असूनही' यावर आहे. ज्याला पहिलीच फिट गाडी चालवताना आली, त्याला कुणी दोष देत नाही. तुला मात्र माहीत आहे.

आता त्या "फक्त मेट्रोपर्यंत"बद्दल. मागच्या नव्हे, त्याआधीच्या दिवाळीत तू आमच्याकडे चकल्या पाडत होतीस. सोऱ्या हातात तसाच राहिला. डोळे उघडे, नजर कुठेतरी भिंतीवर, आणि ओठ काहीतरी चघळल्यासारखे हलत होते. मामीने दोनदा हाक मारली, तुला ऐकू आलं नाही. पाव मिनिट गेलं असेल. मग तू आमच्याकडे बघून "काय झालं?" म्हणालीस आणि पुढची चकली पाडायला लागलीस. पडली नाहीस, हातपाय झटकले नाहीत, तोंडाला फेस आला नाही. मधलं पाव मिनिट तुझ्या लेखी घडलंच नव्हतं.

तेच पाव मिनिट स्कूटीवर धर. ताशी ४० च्या वेगात गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. पंधरा सेकंदांत दीडशे मीटरच्या पुढे. तुझ्या घरापासून स्वारगेटपर्यंतच्या रस्त्यावर दीडशे मीटरांत शाळेचं फाटक येतं, बसथांबा येतो, रस्ता ओलांडणारी म्हातारी माणसं येतात. अंतर थोडं आहे म्हणून धोका थोडा, असा हिशेब इथे लागत नाही. आणि "मला आधी कळतं, पोटात कसंतरी होतं" यावरही विसंबू नकोस. तशी चाहूल काहींना लागते, काहींना लागत नाही. ज्यांना लागते त्यांनाही दरवेळी लागतेच असं नाही, आणि लागली तरी गाडी बाजूला घेण्याइतका वेळ मिळेलच असं नाही. त्या दिवाळीत तुला लागली होती का?

अपघात झाला की गाडीची तपासणी करायला आम्हाला पोलीस ठाण्यात जावं लागे. असाच एक टेम्पो तपासला होता. समोरची काच फुटलेली, डावी बाजू आत गेलेली. ब्रेकचं पेडल दाबून पाहिलं, घट्ट होतं. स्टिअरिंगमध्ये ढिलाई नव्हती, टायरची नक्षी शाबूत होती, हँडब्रेक धरत होता. 'यांत्रिक दोष आढळला नाही' असं अहवालात लिहिलं. जागेवर जाऊन पाहिलं तर डांबरावर टायर घासल्याची एक रेघही नव्हती. ब्रेक उत्तम होता, पण तो दाबणारं कुणी त्या वेळी शुद्धीवर नव्हतं. रस्त्याकडेला भाजी घेऊन बसलेली बाई जागीच गेली. त्या ड्रायव्हरला फिट्स येतात हे घरच्यांना ठाऊक होतं, टेम्पोमालकाला नव्हतं. नोकरी जाईल म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. तो मुलगा वाईट नव्हता. तुझ्याच वयाचा, घर चालवणारा होता. शुद्धीवर आल्यावर आपल्या हातून काय झालं हे त्याला दुसऱ्यांकडून ऐकावं लागलं. ते त्याला जन्मभर पुरणार आहे.

हे सांगतो म्हणून फिट येणारी माणसं म्हणजे रस्त्यावरचं संकट असं माझं म्हणणं आहे असं समजू नकोस. नोकरीत मी जे अपघात पाहिले त्यांतले बहुतेक दारूने, वेगाने, रात्रभर न झोपलेल्या ड्रायव्हरमुळे आणि अलीकडे मोबाइलमुळे झालेले. ती माणसं तुझ्यापेक्षा शतपटीने बेजबाबदार. पण त्यांच्या चुकीने तुझा धोका कमी होत नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो. गेल्या वर्षी तू चिडून म्हणाली होतीस, "माझा आजार, मी कुणाला का सांगू?" तुझं बरोबर होतं. शेजाऱ्यांना सांगायची गरज नाही, ऑफिसातल्या सगळ्यांना सांगायची गरज नाही. रक्तदाब किंवा मधुमेह कुणी पाटी लावून सांगत नाही, तसंच हे. पण गाडीचं हँडल हातात घेतलंस त्या क्षणी हा आजार तुझा एकटीचा राहत नाही. समोरून येणाऱ्या माणसाने तुझ्याबरोबर हा धोका पत्करायला होकार दिलेला नसतो. त्याला विचारलेलंच नसतं. त्याच्या वतीने विचारायला सरकारने तो पहिला प्रश्न ठेवला आहे. म्हणून तिथे खरंच लिहायचं.

तू स्कूटी का चालवतेस, हेही मला कळतं. गाडी असून चालवत नाही म्हटलं की ऑफिसात विचारतात, का गं? मग काय सांगायचं? आजार लपवायचा म्हणून स्कूटी, आणि स्कूटी चालवते म्हणजे काही आजार नाही, असं ते एकमेकांत अडकलं आहे. हे दोन्ही तू वेगळं कर. कुणी विचारलं तर "डॉक्टरांनी सध्या गाडी चालवू नको म्हटलंय" एवढं एक वाक्य पुरे. ते खरंही आहे. त्यापुढचं सांगायचं की नाही हे तू ठरव.

ताई, हे तुझ्यासाठी. मधुराच्या लग्नाच्या काळजीने तू हा विषय दारं लावून बोलतेस. आपल्या हिंदू विवाह कायद्यात १९७६ पासून वारंवार येणारे अपस्माराचे झटके हा लग्नाच्या आड येणारा दोष म्हणून लिहिलेला होता. १९९९ च्या दुरुस्तीने तो शब्द काढून टाकला. कायद्याने जे सोडलं ते आपण घरात धरून बसू नये. स्थळ आलं की पक्कं होण्याआधी मोकळेपणाने सांगायचं, आणि जे ऐकून मागे फिरतील त्यांना जाऊ द्यायचं. पुण्यात यशोदा वाकणकर यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला संवेदना फाउंडेशन हा एपिलेप्सीचा स्वमदत गट आहे. दोघी एकदा जाऊन या. आपल्यासारखी घरं किती आहेत आणि ती कशी मजेत जगतात, ते बघा.

मधुरा, आपल्या कायद्यात उणीव आहे हे मी लपवणार नाही. फॉर्म फक्त हो की नाही एवढंच विचारतो. शेवटची फिट कधी आली, झोपेत आली की जागेपणी, गोळ्या चालू आहेत का, यातलं काहीच विचारत नाही. दहा वर्षं फिट न आलेला माणूस आणि काल फिट आलेला माणूस, दोघांना एकाच चौकटीत बसवतो. हे योग्य नाही. ब्रिटनमध्ये मोटारीसाठी वर्षभर फिट आलेली नसावी असा नियम आहे. युरोपीय संघातही साधारण तेच. ज्याला फक्त झोपेतच फिट येतात त्याचा विचार तिथे वेगळा होतो. गोळ्या डॉक्टरच्या सल्ल्याने बंद करत आणायच्या असतील तर तो सगळा काळ आणि शेवटच्या गोळीनंतर सहा महिने गाडी चालवू नये, असं तिथे सांगतात. ट्रक आणि बससाठी मात्र दहा वर्षं फिट नको आणि दहा वर्षं गोळ्याही नकोत. अमेरिकेत राज्याराज्यांत मुदत वेगळी, कुठे तीन महिने तर कुठे वर्ष. बघ, तुझे आठ महिने ब्रिटनच्या नियमातही अजून पुरेसे होत नाहीत.

जपानची गोष्ट मात्र नीट वाच. तिथे २००२ पर्यंत अपस्मार असलेल्याला लायसन्स मुळीच मिळत नसे. मग कायदा सैल झाला आणि दोन वर्षं फिट नसेल तर डॉक्टरच्या मतावर लायसन्स मिळू लागलं. तरी लपवणारे राहिलेच. एप्रिल २०११ मध्ये तोचिगी प्रांतातल्या कानुमा शहरात एक क्रेनचा ट्रक शाळेला चाललेल्या मुलांच्या रांगेत शिरला आणि सहा मुलं गेली. चालकाला अपस्मार होता आणि त्याने लायसन्स घेताना तो लपवला होता. त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. मुलांच्या आईवडिलांनी भरपाईचा दावा लावला, तेव्हा न्यायालयाने चालकाबरोबर त्याची कंपनी आणि त्याच्या आईलाही जबाबदार धरलं, कारण मुलगा या अवस्थेत गाडी चालवतो हे तिला माहीत होतं. पुढे २०१३ मध्ये जपानने फॉर्मवर खोटं उत्तर देणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा ३ लाख येन दंड ठेवला. ज्यांनी खरं लिहिलं होतं, नियम पाळले होते, अशा हजारो रुग्णांकडेही लोक त्यानंतर संशयाने पाहू लागले. आपल्यासारख्या माणसांसाठी कायदा सुधारायला हवा असेल तर त्याला पहिला अडथळा खोट्या 'नाही'चाच असतो.

मग तू काय करायचंस? सध्या अर्जच करू नकोस. तुझ्या न्यूरोच्या डॉक्टरांनी दोन वर्षांची गोष्ट काढली आहे ना, ती दोन वर्षं पूर्ण होऊ दे. एकही गोळी चुकवू नको. रात्रीची जागरणं नकोत. रात्रपाळी लागली तर ती बदलून माग. ताप आला, उलट्या झाल्या आणि गोळी पोटात राहिली नाही, तर लगेच डॉक्टरांना फोन कर. फिट आली, अगदी त्या चकलीच्या वेळसारखी छोटी आली, तरी तारीख-वेळ वहीत लिही आणि डॉक्टरांना दाखव. छोटी आहे म्हणून गाळू नकोस. गोळ्यांची मात्रा बदलली की पुन्हा वाट पाहायची.

दोन वर्षांनी डॉक्टरांकडून लेखी मत घे आणि पहिल्या प्रश्नाला खरं उत्तर लिहून, ते मत जोडून, उघडपणे अर्ज कर. कदाचित नकार मिळेल. पण कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे नकार द्यायचा तर त्याची कारणं लेखी द्यावी लागतात आणि ३० दिवसांत अपील करता येतं. खरं लिहिणाऱ्याला एवढं तरी दार उघडं राहतं. तेव्हा मी तुझ्याबरोबर येईन, अर्जही मीच तपासून देईन. अपिलातही नकार आला तर तो मानायचा, आणि नियम बदलावा म्हणून डॉक्टरांच्या आणि रुग्णांच्या संघटना जे मागत आहेत त्यात आपलं नाव घालायचं.

एक पळवाट तुझ्या डोक्यात येईल, म्हणून आधीच सांगतो. २५० वॅटच्या आतल्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणाऱ्या इलेक्ट्रिक स्कूटरला लायसन्स लागत नाही. कायदा विचारत नाही, पण फिटला ते माहीत नसतं. त्या वेगातही लहान मूल खाली येऊ शकतं आणि तुझं डोकं दुभाजकावर आपटू शकतं. ती घेऊ नकोस. दुसऱ्याच्या मागे बसायचं की नाही हेही डॉक्टरांना विचार, कारण मागे बसलेल्या माणसाचा तोल गेला तर चालवणाराही पडतो. बसायची परवानगी असेल तर हेल्मेट हवंच.

गाडी नाही म्हणून घरात बसायचं नाही. घरून स्वारगेटला पीएमपीची बस किंवा रिक्षा, तिथून मेट्रोने थेट पिंपरी. स्कूटीचं पेट्रोल, सर्व्हिसिंग आणि विमा यांचे पैसे महिन्याला बाजूला काढलेस तर रिक्षाचा बराच खर्च त्यात निघेल. फलाटावर पिवळ्या रेषेच्या मागे, भिंतीच्या बाजूला उभी राहा. साताऱ्याला यायचं तर एसटी आहेच, बायकांना अर्धं तिकीट. घरात न्हाणीघराला आतून कडी लावू नकोस. पोहायचं असेल तर एकटीने नाही. हा आजार ठाऊक असलेलं आणि पोहता येणारं माणूस बरोबर हवं. गॅसवर मागच्या शेगडीवर स्वयंपाक कर.

ऑफिसात एकीला, फक्त एकीला, विश्वासात घे आणि तिला शिकवून ठेव. फिट आली तर घाबरायचं नाही, जवळपासच्या टोकदार वस्तू दूर करायच्या, डोक्याखाली ओढणी घालायची, कुशीवर वळवायचं आणि घड्याळ बघायचं. हातपाय दाबून धरायचे नाहीत. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालायचं नाही. चप्पल किंवा कांदा हुंगवून फिट थांबत नाही. पाच मिनिटांच्या वर गेली, किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली, तर १०८ ला फोन. एवढं एका माणसाला माहीत असलं तर तुझी आई रात्री निवांत झोपेल.

तुझी बुद्धी, तुझी नोकरी, तुझं हसणं, यातलं काहीही हा आजार नेत नाही. योग्य औषधाने दहातली सात माणसं फिटशिवाय जगू शकतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि तूही त्यांच्यात येशील असा माझा विश्वास आहे. त्याला थोडा वेळ लागेल, आणि तेवढा वेळ रस्त्यावरच्या लोकांचा जीव आपण पणाला लावायचा नाही.

किल्ली आईकडे दिलीस की मला कळव. स्कूटी विकायची की ठेवायची ते रविवारी तू आलीस की ठरवू. न्यूरोच्या डॉक्टरांची पुढची तारीख कधीची आहे तेही सांग. तुझी हरकत नसेल तर मी बरोबर येतो, मला त्यांना दोन-चार गोष्टी विचारायच्या आहेत.

तुझा,
मामा